नामशेष ड्रॅगन कसे रचावेत: हाडापासून शिवीपर्यंत

माझ्या पहिल्यावहिल्या फँटसी कादंबरीत ड्रॅगनांचा इतिहास चाळीस पानांचा होता. वंशावळ, तीन महायुद्धं, सात राजे आणि प्रत्येक राजाच्या खवल्यांचा रंग. ज्या मैत्रिणीला वाचायला दिली तिने आठवड्याने वही परत केली आणि विचारलं, "हे सगळं संपल्यावर गोष्ट सुरू होते ना?" वही माळ्यावर गेली.

चूक कुठे झाली ते कळायला बराच वेळ लागला. मी ड्रॅगनांबद्दल लिहीत होतो, आणि ते तर गोष्ट सुरू होण्याआधीच मेले होते. संपलेल्या जमातीचं आपल्या हातात काय उरतं? हाडं, खड्डे, नावं, भीती आणि अफवा. तेवढ्याच सामानावर लेखकाला संसार मांडावा लागतो. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू होतो: आधी उरलेली वस्तू, मग त्या वस्तूला शोभेल असं शरीर, मग मरण, आणि राजे-बिजे जमलं तर शेवटी.

कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि मित्रमंडळींसोबत फाशांवर रोलप्ले खेळ (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायची गोष्ट) चालवणाऱ्यांना, दोघांनाही ही पद्धत चालते. एक वही घ्या. एका बैठकीत एकच पायरी करा. उदाहरणासाठी मी एक काल्पनिक मुलूख घेतलाय: तांबडखोरं. लाल मातीचं खोरं, वर धनगरांची कुरणं, खाली भातशेती. इथल्या ड्रॅगनांना पंडित 'महोरग' म्हणतात. हा शब्द माझा नाही, जैन आणि बौद्ध परंपरेत तो थोर सर्पयोनीसाठी आधीपासून आहे. परभाषेतून नाव उसनं आणण्याआधी आपल्याच अडगळीत एकदा हात घालून पाहावा.

पायरी १: एक हाड, आणि ते कुणाच्या घरात आहे

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात पाडल्या नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी तळहातावर मावतील असे गोल दगड काकडभैरव म्हणून पुजत आले होते. शेताची राखण करणारा, गुराढोरांना सांभाळणारा देव. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की ही टायटॅनोसॉर जातीच्या डायनासोरांची अंडी आहेत, जीवाश्म झालेली. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुनं अंडं शेताच्या कडेला बसून नारळ घेत होतं.

आता ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला चला. तिथे १३३५च्या सुमारास एक भलीमोठी कवटी सापडली आणि शहराने ठरवलं की ही आपल्या दंतकथेतल्या ड्रॅगनची. १५९०च्या सुमारास चौकात ड्रॅगनचा पुतळा घडवला, त्याच्या डोक्याला नमुना म्हणून हीच कवटी वापरली. पुढे कळलं की ती हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची आहे. पुतळा अजून उभा आहे.

तिसरा नमुना चीनचा. तिथे जीवाश्म हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधाच्या दुकानात विकली जात आणि कुटून पोटात घेतली जात. १८९९ मध्ये अशाच हाडांवर कोरलेली अक्षरं ओळखली गेली आणि चिनी लिपीचा सर्वांत जुना मोठा पुरावा हाती आला. १९३५ मध्ये हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात एका संशोधकाला अवाढव्य दाढ मिळाली, तिच्यावरून जायगँटोपिथेकस हा नामशेष महाकाय वानर जगाला कळला. त्याआधी अशा किती दाढा कुणाच्या संधिवातावर खर्ची पडल्या असतील, देव जाणे.

तिन्ही ठिकाणी हाड कुणाच्या तरी कामाचं आहे. एकीकडे देव, एकीकडे शहराचा मान, एकीकडे धंदा. तुमच्या वहीत पहिल्या पानावर तीन वाक्यं लिहा: वस्तू कोणती, कुठे आहे, तिचा उपयोग काय. ड्रॅगन हा शब्द वापरायचा नाही.

माझ्या पानावर आहे: "मणका. आजीच्या स्वयंपाकघरात. मिरची कुटायला."

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मणक्याची एक बाजू पुष्कळदा वाटीसारखी खोलगट असते, म्हणून हे सुचलं. आधी मी 'उखळ' लिहिलं होतं. पुढच्या पायरीचा हिशोब झाल्यावर ते खोडून 'खल' करावं लागलं, कारण ठरवलेल्या आकाराच्या प्राण्याच्या मणक्यात भात सडता येत नाही, लसूण-मिरची मात्र मावते.

हाड सापडतं ती जागाही पटली पाहिजे. आंबट, पाणी झिरपणाऱ्या तांबड्या मातीत हाड फार काळ टिकत नाही, ते विरघळून जातं. लाव्हा रसात तर काहीच उरत नाही. पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचतात, त्यांच्या गाळात सापडतं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठा मिळाली, आणि २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश असल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा असा पुरावा हाती नव्हता. एका लेंडकाने एवढी उलथापालथ केली. फँटसीत मात्र सगळे तलवारी आणि कवट्याच शोधतात. तुमच्या नायिकेला खुशाल ड्रॅगनचं शेण सापडू द्या.

पायरी २: पोटाचा हिशोब

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळं बिनसतं. गणित शाळेतलंच आहे.

जंगलातला वाघ साधारण २०० किलोचा धरा. तो वर्षाला चितळाएवढी जवळपास ५० जनावरं मारतो. आता ड्रॅगन मोठ्या हत्तीएवढा, पाच टनांचा. म्हणजे वाघाच्या २५ पट. भूक मात्र २५ पट वाढत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं की शरीराचा ऊर्जाखर्च वजनाच्या पाऊण घातांकाने वाढतो. २५ चं वर्गमूळ ५, त्या ५ चं वर्गमूळ सव्वादोन, दोन्हींचा गुणाकार सुमारे ११. तर आपला ड्रॅगन वर्षाला ५५० जनावरं खाणार.

कळपातलं दर दहावं जनावर दरसाल गेलं तर कळप टिकतो असं धरू. एका ड्रॅगनमागे साडेपाच हजारांचा कळप हवा. खोऱ्यात दोनशे ड्रॅगन असतील तर अकरा लाख चरणारी जनावरं. ती कुठे चरतात? पाणी कुठे पितात? नकाशावर तेवढी हिरवळ आहे का? माझ्या नकाशावर नव्हती. दोनशेचे बारा केले तेव्हा कुठे गवत पुरलं. आणि बारा हा आकडा लिहिल्याबरोबर जाणवलं की ही जमात आधीच कड्याच्या टोकावर उभी आहे. मला वेगळी शोकांतिका रचायची गरजच पडली नाही.

दुसरा पर्याय थंड रक्ताचा. मगर, घोरपड यांच्यासारख्या प्राण्यांना त्याच वजनाच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या साधारण दहावा हिस्सा अन्न पुरतं. मग वर्षाला ५५ जनावरं, आठवड्याला एक. पण असा ड्रॅगन सकाळी उन्हात शेकल्याशिवाय हलणार नाही, आणि बर्फाळ शिखरावर राहणारही नाही. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन आपल्या घोरपडीचाच तीन मीटरचा भाऊबंद. तो एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊन मग सुस्त पडू शकतो. घोरपडीला उन्हात पसरलेली पाहिली असेल तर तुमच्या ड्रॅगनची सकाळ कशी असेल ते निम्मं कळलंच.

उडण्याचं काय? लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. हा हिशोब कुणाला चुकत नाही. माळढोक १५ किलोपर्यंत भरतो आणि तोच आजच्या जड उडणाऱ्या पक्ष्यांत मोडतो. टेक्सासमध्ये १९७१ साली सापडलेला क्वेत्झालकोआट्लस हा उडणारा सरीसृप पंख पसरून दहा-अकरा मीटर होता, पण त्याचंही वजन बहुतेक अंदाजांनुसार २०० ते २५० किलो. पाच टन स्नायूंच्या बळावर उडत नाहीत.

मग एकतर जादू आणा. ती आणली तर ती कुठून येते, कशी संपते हे ठरवा, कारण तेच त्यांच्या मरणाचं कारण होऊ शकतं. नाहीतर मला आवडलेली वाट धरा: पिल्लं उडतात, मोठे झाले की जमिनीवर उतरतात आणि पुन्हा कधी उडत नाहीत. यातून फुकटचा फायदा असा की तुमच्या जगातल्या पंडितांना दोन प्रकारचे सांगाडे सापडतील आणि ते दोन वेगळ्या जमाती मानतील. असं खरंच घडतं. २००६ मध्ये ज्याचं नाव 'ड्रॅगनराजा' अशा अर्थाने ड्रॅकोरेक्स ठेवलं, तो डायनासोर म्हणजे पॅकिसेफॅलोसॉरस या आधीच माहीत असलेल्या डायनासोरचं पोरच आहे असं २००९ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं. तांबडखोऱ्यात 'उडते विरुद्ध चालते' या वादावर दोन मठ तीनशे वर्षं एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत.

आग हवीच असेल तर बॉम्बार्डियर भुंगेरा पाहा. पोटात रसायनं एका कप्प्यात आणि त्यांना भडकवणारी विकरं दुसऱ्या कप्प्यात ठेवतो, संकट आलं की एकत्र करतो, आणि जवळजवळ उकळत्या पाण्याइतका तापलेला फवारा शत्रूवर सोडतो. दोन ग्रंथी, एक झडप. त्यापलीकडे खोलात जाऊ नका. आगीचं रसायन कुणी विचारत नाही.

पायरी ३: मरण

"मग एक महायुद्ध झालं आणि ड्रॅगन संपले." हे वाक्य वहीत असेल तर त्यावर काट मारा. युद्धाने जमात संपू शकते, पण खऱ्या जगात असं एकाच घावात क्वचित होतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हीथ हेन नावाची रानकोंबडी होती. माणसांनी खाऊन खाऊन ती एका बेटापुरती उरली. १९०८ मध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र झालं, संख्या वाढू लागली. १९१६ मध्ये ऐन अंडी उबवायच्या दिवसांत वणवा लागला. पाठोपाठ कडक हिवाळा आणि शिकारी ससाण्यांची धाड. उरलेल्यांत नर जास्त, माद्या कमी. मग पाळीव कोंबड्यांकडून आलेला रोग. शेवटचा एकटा नर काही वर्षं त्याच माळावर येऊन माद्यांना साद घालत राहिला. १९३२ नंतर तो कुणाला दिसला नाही.

यात खलनायक कोण? कुणीच नाही आणि सगळेच. रचना मात्र पाहण्यासारखी आहे: एक संथ कारण जमातीला कोपऱ्यात ढकलतं, मग एरवी पचले असते असे तीन-चार फटके एकामागोमाग बसतात. वहीत तसंच लिहा. एक संथ कारण, तीन फटके.

तांबडखोऱ्यात संथ कारण आहे पाट. माणसांनी भातशेतीसाठी पाट खणले, त्यामुळे रानकळपांची हिवाळी कुरणांकडे जायची वाट तुटली. कुणीही ड्रॅगनवर शस्त्र उचललं नाही. मादी पन्नास वर्षांतून एकदा अंडं घालते, हे मी आधीच ठरवलं होतं, त्यामुळे तूट भरून येणं शक्य नव्हतं. मग सलग दोन वर्षं पाऊस नाही. मग राखेचा हिवाळा. मग अंडी चोरणारे. न्यूझीलंडचा हास्ट गरुड असाच गेला: माणसांनी मोआ हे महाकाय पक्षी मारून संपवले आणि त्यांच्यावर जगणारा गरुड उपाशी राहिला. घाई दाखवायची असेल तर स्टेलरची समुद्रगाय आठवा. १७४१ मध्ये शास्त्राला माहीत झाली, १७६८पर्यंत संपली. सत्तावीस वर्षं.

शूर वीरांचं काय करायचं? त्यांना दावे करू द्या. तांबडखोऱ्यात अकरा घराणी सांगतात की शेवटचा महोरग आमच्या मूळपुरुषाने मारला. अकरा शेवटचे महोरग. प्रत्येकाची तलवार आहे, प्रत्येकाचा उरूस आहे, आणि दोन उरूस एकाच दिवशी येतात म्हणून दरसाल डोकी फुटतात.

पायरी ४: किती जुनं?

मॅमथ म्हटलं की हिमयुग डोळ्यांपुढे येतं. पण उत्तर ध्रुवाजवळच्या रँगल बेटावर मॅमथांची शेवटची टोळी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होती. गिझाचे पिरॅमिड तोवर बांधून पाचेकशे वर्षं होऊन गेली होती.

म्हणून एक तारीख पुरत नाही. तीन ठरवा: बहुतेक कधी गेले, शेवटचा कुठे आणि कधी गेला, आणि लोकांनी ते खरे होते हे मानणं कधी सोडलं. तिसरी तारीख सर्वांत कामाची. आजीचा खल दगडासारखा कठीण आहे. हाडाचा दगड व्हायला गाळ, पाणी आणि हजारो वर्षं लागतात, तेव्हा तो पहिल्या तारखेचा. पण किनाऱ्यावरच्या एका देवळाच्या दारावर जी बरगडी कमान म्हणून लावलीय, ती साधी हाडाचीच आहे, पावसाळ्यात अजून वास मारते. म्हणजे समुद्रात कुठेतरी एक बेट होतं. हे मी कादंबरीत कुठेही सांगितलेलं नाही.

पायरी ५: ते विचार करत होते का?

प्राणी आणि जमात यांत फरक इथे पडतो. भाषा, कायदा, घर असलेले ड्रॅगन हवे असतील तर त्यांची खूण माणसाच्या मापात बसता कामा नये. पायऱ्या नकोत, उतार हवेत. दारं नकोत, कारण कडी लावायला बोटं कुठायत? भांडी नकोत. लेखन असेल तर ते नखाने ओरबाडलेलं किंवा आगीने भाजलेलं.

स्कॉटलंडमध्ये काही लोहयुगीन किल्ल्यांच्या तटबंदीतले दगड प्रचंड उष्णतेने वितळून काचेसारखे एकमेकांना चिकटलेत. मुद्दाम केलं, की शत्रूने जाळलं, यावर अजून वाद चालू आहे. असली एक भिंत तुमच्या डोंगरावर ठेवा आणि तिच्यावर एक ओळ भाजलेली दाखवा. ती कुणालाही वाचू देऊ नका. वाचता आली की ड्रॅगन बोलू लागतात, आणि एकदा बोलू लागले की चाळीस पानं पुन्हा माळ्यावरून खाली येतात. मी अनुभवाने सांगतोय.

पायरी ६: जनावरांच्या अंगात उरलेली भीती

उत्तर अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर ताशी ८५-९० किलोमीटरपर्यंत पळतं. आज तिथे इतक्या वेगाने पाठलाग करणारं कुणीच नाही. मग एवढा वेग कशाला? काही शास्त्रज्ञांच्या मते तिथे पूर्वी चित्त्यासारखी एक मोठी मांजर होती. ती कधीच संपली, तिच्यापासून पळणं राहिलं.

ही कल्पना उचलाच. तांबडखोऱ्यातल्या शेळ्या दुपारी उघड्या माळावरून सरळ जात नाहीत, काठाकाठाने जातात. ढगाची सावली पडली की कळप जागच्या जागी थिजतो. गुराखी म्हणतात, "खोडच आहे त्यांची." एका झाडाची फळं नारळाएवढी आणि दगडासारखी कठीण आहेत, ती झाडाखाली पडून कुजतात; फोडून बी लांब टाकणारं तोंडच आता राहिलेलं नाही. मध्य अमेरिकेतल्या काही मोठ्या फळांबद्दल १९८२ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी असाच विचार मांडला होता: ती फळं संपून गेलेल्या महाकाय प्राण्यांसाठी घडली होती.

पायरी ७: भाषा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

महाराष्ट्राच्या रानात आज सिंह नाही. बघायचा तर गीर गाठावं लागतं. पण आपला राजा सिंहासनावर बसतो, आपला गड सिंहगड आहे, नाशिकला सिंहस्थ भरतो, आणि वर्षाअखेरीस कचेरीत 'गेल्या वर्षाचं सिंहावलोकन' होतं. सिंहावलोकन म्हणजे चालता चालता थांबून मान वळवून मागे पाहणारा सिंह. हा शब्द बोलताना कुणाच्या डोळ्यांपुढे आयाळ येत नाही. प्राणी गेला, त्याची मान वळवायची लकब सरकारी टिपणात जाऊन बसली.

भीतीचे शब्द तर याहून मजेशीर. गावाकडे तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. नाव घेतलं की येतं, म्हणून. वाघाला वारली लोक वाघोबा म्हणून पुजतात, आणि त्यावर म्हणही तयार आहे: वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. तेव्हा तुमच्या ड्रॅगनांना किमान तीन नावं हवीत. पंडितांचं नाव महोरग. गावाचं नाव 'थोरलं', तेही नपुंसकलिंगी, हळू आवाजात. तिसरं नाव त्यांनी स्वतःला काय ठेवलं होतं ते. ते हरवलेलं असू द्या.

आता वहीत दहा वाक्प्रचार लिहा. अट एकच: बोलणाऱ्याला त्यात ड्रॅगन आहे हे माहीत नसलं पाहिजे. तांबडखोऱ्यातले काही:

"थोरलं वळलं": दरड कोसळली.

"पंखाखालची जमीन": जिच्यावर सारा लागत नाही. मूळ कारण कुणाला ठाऊक नाही. खरं तर तिथे पीक कुणी ठेवतच नसे, कारण वर घरटं होतं.

"शेकायला बसणे": काम न करता सकाळ घालवणे.

"बारावं मागू नकोस": लोभ करू नकोस. (पायरी २ मधले बारा आठवतायत ना?)

वाक्प्रचार झाले की पोरांचे खेळ घ्या. एक पोर घोंगडं पसरून धावतं, बाकीच्यांनी थिजायचं, जो हलला तो बाद. मग बांधकामाचे नियम: खोऱ्यात कुणी गवताने घर शाकारत नाही, सगळी घरं कौलारू किंवा फरशीच्या छताची, आणि गवत महाग म्हणून असं करतात असं सगळे सांगतात. गवत तिथे मुबलक आहे.

पायरी ८: तीन साक्षीदार, तिघेही थोडे खोटे

तिसऱ्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात भारताच्या डोंगराळ भागातल्या ड्रॅगनांचं वर्णन आहे, आणि एका शहराच्या मधोमध त्यांच्या कवट्या मांडून ठेवल्या होत्या असंही म्हटलंय. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत नामशेष महाकाय सस्तन प्राण्यांची जीवाश्म हाडं भरपूर सापडतात. सांगणाऱ्याने थाप मारली की कुणी खरंच कवट्या पाहिल्या? दोन्ही शक्य आहे, आणि तुमच्या वाचकालाही तसंच लटकत ठेवता येतं.

तीन साक्षी लिहा, प्रत्येकी पाच ओळी: एकाला ड्रॅगन खरे असण्यात पैसा आहे, एकाला खोटे असण्यात, आणि एकाला काहीच देणंघेणं नाही. तिसऱ्याची साक्ष सर्वांत खरी वाटते, म्हणून तिच्यात एक चूक मुद्दाम पेरा.

पायरी ९: प्रसंगात उतरवणं

माझ्या जुन्या वहीतलं पहिलं वाक्य: "हजारो वर्षांपूर्वी या खोऱ्यात महोरग नावाची ड्रॅगनांची अतिप्राचीन व अत्यंत बुद्धिमान जमात वास करीत असे."

आत्ताचा मसुदा:

"आजीचा खल खुंटीला टांगलेला असायचा. त्याच्या पाठीला आरपार भोक होतं, त्यात सुतळी ओवलेली. मी लहानपणी सुतळी काढून त्यातून मूठ घालायचे.
'आजी, यातून काय जायचं?'
'सुतळी,' आजी म्हणाली. 'ठेव ते जाग्यावर.'
मग माझी मूठ बाहेर ओढून तिने ती पदराने पुसली, का कोण जाणे, दोनदा."

भोक म्हणजे मज्जारज्जूची वाट. वाचकाला ते शंभर पानांनी कळेल, किंवा कळणारही नाही. पण आजीने मूठ दोनदा पुसली हे लक्षात राहील. प्रत्येक खूण प्रसंगात अशीच वापरा: हातात वस्तू, तोंडात भलतंच कारण, आणि अंगात एखादी जुनी सवय.

एका प्रकरणात दोनापेक्षा जास्त खुणा नकोत.

पायरी १०: शेवटचं अंडं

कुठल्यातरी गुहेत एक अंडं शिल्लक असतंच, असा मोह प्रत्येकाला होतो. बहुतेक वेळा त्याने आधीच्या नऊ पायऱ्या पाण्यात जातात. उबवायचंच असेल तर चित्त्याचं उदाहरण समोर ठेवा. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोच्या जंगलात चित्ते सोडले ते नामिबियातून आणलेले, आफ्रिकी उपजातीचे. इथले गेलेले चित्ते आशियाई होते. तुमच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लालाही त्याची भाषा शिकवायला कुणी नाही, कळप नाहीत, कुरणांची वाट पाटाने तोडलेली. ते उडेल, मोठं होईल, जमिनीवर उतरेल, आणि त्याला वर्षाला साडेपाचशे जनावरं लागतील. ती कुणाच्या गोठ्यातून येणार, ते आधी वहीत लिहा.

माळ्यावरची चाळीस पानं मी गेल्या दिवाळीत साफसफाईच्या वेळी खाली काढली. त्यातलं दीड पान कामी आलं. सात राजांपैकी सहा रद्दीत गेले. सातव्याचं नाव मला सोडवेना, म्हणून तांबडखोऱ्यातले गाडीवान आता अडून बसलेल्या बैलाला त्या नावाने शिवी देतात.